शंटचा संसर्ग ओटीतच टाळावा लागतो

मी लहान मुलांच्या न्यूरोसर्जरीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, परिचारिका आहे. शंट, म्हणजे मेंदूच्या पोकळीत साठणारे पाणी पोटात नेणारी नळी, बसवलेल्या बाळाला काही आठवड्यांनी ताप येतो, शंटमध्ये संसर्ग झाल्याचे निदान होते, आणि आई-वडील विचारतात, ‘‘सिस्टर, ऑपरेशननंतर एवढी अँटिबायोटिक्स दिली होती, तरी जंतू आत शिरले कसे?’’ बहुतेक वेळा ते जंतू शस्त्रक्रिया चालू असतानाच, बाळाच्या स्वतःच्या त्वचेवरून किंवा आमच्या हातांवरून नळीवर पोचलेले असतात. म्हणूनच असे संसर्ग बहुधा पहिल्या काही महिन्यांतच उघडकीस येतात.

शंटची नळी सिलिकॉनची असते आणि त्वचेखालून जाते. आपल्या सर्वांच्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा जंतू तिच्यावर चिकटला, की स्वतःभोवती चिकट थर तयार करतो, आणि त्या थराच्या आत औषध पुरेसे पोचत नाही. मग बहुधा नळी काढावी लागते, पाणी काही दिवस शरीराबाहेरच्या पिशवीत सोडावे लागते, शिरेतून औषधे द्यावी लागतात आणि पाणी निर्जंतुक झाल्यावर नवा शंट बसवावा लागतो. एवढ्याशा जिवाला हे सगळे सोसावे लागते, आणि वाढत्या मेंदूचे होणारे नुकसान कधीकधी भरून निघत नाही.

हे टाळता येते, याचा मला सर्वांत आश्वासक वाटणारा पुरावा जुना आहे. फ्रान्समधील मार्सेय येथील मॉरिस शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 ते 1990 या काळातील 600 मुलांच्या 1197 शस्त्रक्रियांचा अनुभव 1992 साली प्रसिद्ध केला. पूर्वी त्यांच्याकडे दर शस्त्रक्रियेमागे 7.75 टक्के असलेले संसर्गाचे प्रमाण 0.17 टक्क्यावर आले होते. औषध भरलेल्या नळ्या तेव्हा वापरात आलेल्या नव्हत्या. सकाळची पहिली शस्त्रक्रिया शंटची ठेवणे, ओटीत मोजकीच माणसे असणे, वेळ न दवडता काम उरकणे, नळीला कमीत कमी हात लावणे, अशा साध्या नियमांची ती काटेकोर अंमलबजावणी होती. इतका कमी आकडा इतरांना सहसा गाठता आलेला नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील चार केंद्रांनी ठरावीक क्रमाची कार्यपद्धती लागू केली, तेव्हा प्रमाण 8.8 वरून 5.7 टक्क्यांवर आले. तेवढी घटही मला मोलाची वाटते.

प्रत्यक्षात हे काम केसांपासून सुरू होते. वस्तऱ्याने डोके भादरले, तर त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यांत जंतू वाढतात. म्हणून केस यंत्राने, लागतील तेवढेच, शस्त्रक्रियेच्या थोडे आधी कापायचे. पुष्कळ बाळांचे जावळ अजून झालेले नसते आणि आजीला त्याची रुखरुख लागते. अशा वेळी मी ते केस कागदात बांधून तिच्या हाती देते. त्यात कोणाचेच काही बिघडत नाही. अँटिबायोटिकची मात्रा छेद देण्यापूर्वीच्या तासाभरात गेलेली असली पाहिजे. त्वचेला लावलेले क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक पूर्ण वाळेपर्यंत, कितीही घाई असली तरी, थांबायचे.

मग हातमोजे. टोरांटोतील डॉक्टरांनी 2001 साली दाखवून दिले, की अपुऱ्या दिवसांची बाळे आणि शस्त्रक्रियेनंतर जखमेतून झिरपणारे पाणी यांच्याबरोबरच फाटलेले हातमोजेही संसर्गाचा धोका वाढवतात. सुईचे छिद्र डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून आम्ही दोन जोड घालतो आणि नळीचे पाकीट उघडण्याच्या आधी वरचा जोड बदलतो. पाकीट शेवटच्या क्षणापर्यंत बंदच असते. नळी बाहेर आली की चिमट्याने धरायची, ड्रेपवर (अंगावर पसरलेल्या निर्जंतुक कापडावर) किंवा त्वचेवर टेकू द्यायची नाही. या वेळात कोणी ‘‘फक्त एक मिनिट’’ म्हणून दार उघडले, तर त्यांना परत पाठवणे हे माझे कर्तव्य आहे, मग ते कितीही वरिष्ठ असोत.

नळीच्या निवडीबद्दलही आता चांगला पुरावा आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील सुमारे 1600 रुग्णांवरच्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या आणि चांदीयुक्त नळ्यांमध्ये 6 टक्के, तर अँटिबायोटिक भरलेल्या नळ्यांमध्ये 2 टक्के संसर्ग आढळला. परवडत असेल, तर ती नळी जरूर घ्यावी. परवडत नसेल, तर आई-वडिलांनी स्वतःला दोष देऊ नये. उत्तर प्रदेशातील शहाजहानपूरला तयार होणारा स्वस्त छाब्रा शंट आणि परदेशी महाग शंट यांची युगांडात 195 मुलांवर तुलना झाली, तेव्हा वर्षभरात लक्षणीय फरक दिसला नव्हता.

घरी गेल्यावर पालकांनी टाके कोरडे ठेवावेत, आणि जखमेतून थेंबभर जरी स्वच्छ पाणी आले तरी त्याच दिवशी दाखवायला आणावे. ताप, उलट्या, सुस्ती, चिडचिड, नळीच्या मार्गावर लाली किंवा पोटदुखी असेल तर सरळ न्यूरोसर्जनकडे यावे. जवळच्या दवाखान्यात आधी अँटिबायोटिक सुरू करून घेऊ नये, कारण मग शंटमधील पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाही आणि नेमके औषध निवडणे अवघड होते. शंट आहे हे प्रत्येक डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे आणि डिस्चार्जचा कागद सोबत ठेवावा.