कोपनहेगन: योहाने लुईसेच्या शहरात

कोंगेन्स न्यूतॉर्व चौकात मेट्रोतून वर आलं की समोरच रॉयल थिएटर दिसतं. दाराच्या दोन बाजूंना होल्बर्ग आणि ओलेनश्लेगर हे दोन नाटककार ब्राँझमध्ये ऐसपैस बसलेत, खाली सायकलींची ही गर्दी. बहुतेक पर्यटक फोटो काढून न्यूहाव्नच्या रंगीत घरांकडे वळतात. मी आले होते एकोणिसाव्या शतकातली डॅनिश अभिनेत्री योहाने लुईसे हायबर्गसाठी. ही इमारत १८७४ची. योहाने लुईसे जिथे गाजली ते जुनं थिएटर इथेच शेजारी होतं, पुढे ते पाडलं.

योहाने लुईसेचा जन्म १८१२चा. वडील जर्मनीतून आलेले, आई ज्यू, घरची परिस्थिती बेताची. आठव्या वर्षी ती थिएटरच्या बॅले शाळेत दाखल झाली आणि तिथून नाटकात गेली. १८३१मध्ये तिने नाटककार आणि समीक्षक योहान लुडविग हायबर्गशी लग्न केलं. तो तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठा.

मला खरी ओढ होती ती तिच्या ज्युलिएटची. १८२८मध्ये, सोळाही पूर्ण नसताना, तिने ती पहिल्यांदा केली. मग १८४७मध्ये, चौतिसाव्या वर्षी, पुन्हा. आता हिचं वय झालं, अशी कुजबुज होणारच. त्यावर लेखणी उचलली ती चक्क तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्डने. १८४८च्या जुलैत ‘फेद्रेलांदेत’ या वर्तमानपत्रात टोपणनावाने त्याची लेखमाला आली. त्याचं म्हणणं असं: कोवळ्या वयात नटीला तिचं तारुण्यच तारून नेतं, प्रेक्षक त्यावरच भाळतात. पण ते वय मागे पडल्यावर, दुरून त्याच्याकडे बघता यायला लागल्यावरच, ज्युलिएटचं मर्म तिच्या हाती लागतं. नटीच्या वयाबद्दल इतकं समजून-उमजून लिहिलेलं मी दुसरं काही वाचलेलं नाही. आजच्या निर्मात्यांनीही ते वाचायला हवं.

क्निपेल्सब्रो पूल ओलांडून क्रिस्टियान्सहाव्नला गेले. तिथे कालव्याकाठी सोक्वेस्टहूसेट ही लांबलचक जुनी वास्तू आहे. हायबर्ग दांपत्य तिथे बरीच वर्षं राहिलं. नवऱ्याला खगोलशास्त्राचा नाद, त्यामुळे तारे बघायची सोयही त्याने तिथेच केली होती. समोर बोटी बांधलेल्या, काठावर पाय सोडून बसलेली मुलं. मी बराच वेळ त्या खिडक्यांकडे बघत उभी राहिले.

१८६४मध्ये तिने अभिनय थांबवला, पण रंगभूमी सोडली नाही. १८६७ ते १८७४ ती रॉयल थिएटरमध्ये दिग्दर्शक होती. बाईने तालमी घ्यायच्या, नटांना सूचना द्यायच्या, हे तेव्हा तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं. इब्सेन आणि ब्यॉर्नसन या नॉर्वेच्या नाटककारांना कोपनहेगनच्या रंगमंचावर आणण्यात तिचा मोठा वाटा. मला तर तिचं हे काम अभिनयाइतकंच मोलाचं वाटतं. पुढे दोनशे क्रोनरच्या नोटेवर तिचं चित्र आलं. ती नोट २०२५मध्ये चलनातून गेली, तरी जुन्या नाण्यांच्या दुकानात विचारून बघा. आणि कोंगेन्स न्यूतॉर्वहून क्रिस्टियान्सहाव्नला चालतच जा, अंतर फार नाही.