अळ्यांना जीएसटी नसतो

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मला मातीतली किडे मारणारी बुरशी शोधायची होती. चाळलेली ओलसर माती डबीत भरायची, आमिष म्हणून मेणपतंगाच्या (मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणारा पतंग) अळ्या सोडायच्या, बुरशी असली तर ती अळीला धरते. इंदूरहून खंडवा रोडनं जाऊन माती आणली: सिमरोलच्या अलीकडच्या सोयाबीनच्या शेतातली काळी, घाटातल्या जंगलातली मुरमाड, बडवाह्याच्या नर्मदाकाठची रेताड.

अडलं ते कॉलेजच्या स्टोअरमध्ये. इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या फॉर्मवर, मी लिहिलं, ‘जिवंत अळ्या, २०० नग’. स्टोअरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“ताई, स्टॉकला चढवल्यावर मेल्या तर?”

“काका, मारायलाच आणायच्यात.”

फॉर्म परत. म्हणे तीन कोटेशनं आणा. अळ्यांची! एक मधमाशीपालक सापडला, त्याच्याकडे जीएसटी नंबर नाही. मग खुलाशाचं पत्र, त्यावर शेरा, शेऱ्यावर सही. सहीवाले साहेब रजेवर, ते आले तर ऑडिट. रोज दोन जिने उतरायचे आणि “उद्या बघू” ऐकून चढायचे. बावीस दिवस! माती फ्रिजमध्ये ४ अंशांवर पडून. तेविसाव्या दिवशी सरळ त्या मधवाल्याकडे गेले. त्यानं जाळ्यांनी भरलेलं जुनं पोळंच पिशवीत कोंबलं. “ये तो हमारे दुश्मन हैं बेटा, सब ले जाओ.” पैसे घेतलेच नाहीत. तेव्हा पहिल्याच दिवशी मधवाल्याकडे जा. अळ्या घरी कोंडा, मध आणि ग्लिसरीनवर वाढतात.

अळ्या मातीत जाळं विणत बसतात. ५६ अंशांच्या पाण्यात १० सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाकल्या की विणणं थांबतं. पहिले काही दिवस डब्या रोज उलट्या करा, म्हणजे अळ्या मातीतून फिरतात. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, माती उन्हात वाळवू नका. पहिली खेप मी गच्चीत आईच्या पापडांशेजारी पसरली होती. उन्हातल्या अतिनील किरणांनी बीजाणू मरतात, म्हणून बडवाह्यापर्यंत दुसरी फेरी झाली. डब्याही २५ अंशांच्या इनक्युबेटरमध्येच ठेवा; आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीत ही बुरशी वाढणं कठीण.

नवव्या दिवशी काळ्या मातीतली एक अळी खडूसारखी कडक लागली. (मऊ, काळी पडून घाण वास मारणारी असेल तर ते बहुधा जिवाणूंचं काम.) १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटनं धुऊन ओल्या फिल्टर पेपरवर ठेवली. आधी पांढरी लव आली, मग शेवाळी हिरवी पूड. मेटारायझियम, किडे मारणारी हिरवी बुरशी! मी एकटीच लॅबमध्ये ओरडले. जंगलाच्या मातीतल्या अळ्यांवरची लव पांढरीच राहिली, ती ब्युवेरिया, तशीच दुसरी बुरशी. इटलीच्या आगोस्तिनो बास्सी या शास्त्रज्ञानं १८३५ साली रेशीमकिड्यांच्या रोगाला जबाबदार धरली होती तीच. रेताडीतून काहीच निघालं नाही. चिकण मातीचे कण बीजाणू धरून ठेवतात, रेतीतून ते पाण्याबरोबर खाली उतरतात.

फोटो काढत होते तेवढ्यात खालून काकांचा फोन. “ताई, मंजुरी आली. अळ्या कधी जमा करताय?”