श्राव्यवर्णनाचा ट्रॅक डीसीपीत कुठे हरवतो

दिव्यांग प्रेक्षकांची सोय केली का विचारलं, की ‘सबटायटल्स आहेत ना, मग झालं!’ असं एडिटच्या खोलीत सर्रास ऐकू येतं. पण एवढ्याने होत नाही. सबटायटल भाषा न कळणाऱ्यासाठी असते, कॅप्शन ऐकू न येणाऱ्यासाठी. नायिका पाठमोरी उभी आहे, दारावर थाप पडते, ती दचकून वळते. सबटायटलमध्ये थापेचा पत्ताच नसतो, त्यामुळे ती का दचकली हे कर्णबधिर प्रेक्षकाला कळत नाही. कॅप्शनमध्ये ‘दारावर थाप’ यावंच लागतं, आणि बोलणारा पडद्याबाहेर असेल तर त्याचं नावही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये श्राव्यवर्णन (पडद्यावर काय दिसतं ते अंध प्रेक्षकाला बोलून सांगणं), सांकेतिक भाषा आणि क्लोज्ड कॅप्शन (चालू-बंद करता येणारी) ही तिन्ही नावानिशी आहेत. चित्रपटगृहांसाठीचा तपशील माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या १५ मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आला. एकाहून जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची मुदत मिळाली, बाकीच्यांना दोन वर्षांची. मराठी चित्रपट बहुतेक एकाच भाषेत सेन्सॉर होतात, म्हणून पहिली तारीख आपल्याला लागलीच नाही. आपली तारीख १५ मार्च २०२६. ऐकण्याची अडचण असलेल्यांसाठी किमान एक सोय आणि दृष्टिहीनांसाठी किमान एक, अशी अट आहे.

खरी गळती मात्र कागदावर होत नाही, फाइलमध्ये होते.

डीसीपीत, म्हणजे चित्रपटगृहात चालणाऱ्या डिजिटल प्रतीत, श्राव्यवर्णन आवाजाच्या आठव्या चॅनेलवर जातं. सातवा चॅनेल कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, त्यावर संवाद उठावदार केलेले असतात. ही अदलाबदल झाली तर अंध प्रेक्षकाच्या हेडफोनमध्ये नुसते मोठ्या आवाजातले संवाद येतात आणि वर्णन कुठेच नसतं. बाहेरच्या स्पीकरवर काहीच बिघडलेलं नसल्यामुळे प्रोजेक्शनवाल्याच्या ते लक्षातही येत नाही.

दुसरा घोळ फ्रेम रेटचा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा आणि वर्णनाचा ट्रॅक टीव्हीसाठीच्या २५ फ्रेमच्या प्रतीवरून केलेला असेल, तर दोन तासांच्या शेवटी दोघांत ४ मिनिटं ४८ सेकंदांचा फरक पडतो. सुरुवातीच्या पाच मिनिटांत हा फरक जेमतेम बारा सेकंदांचा असतो, म्हणून पहिलं रीळ तपासून ट्रॅक पास करू नका. शेवटची दहा मिनिटं ऐकाच.

मराठी कॅप्शनची अडचण वेगळीच. ‘कार्यक्रम’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा, सॉफ्टवेअरला नऊ चिन्हांचा. एका ओळीसाठीची इंग्रजीची अक्षरमर्यादा तशीच लावली की ओळी विनाकारण तुटतात. जोडाक्षरं न जुळता पाय मोडलेली (हलन्त) आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे दिसली, तर तो फाँटचा नव्हे, प्लेअरच्या रेंडरिंगचा, म्हणजे अक्षरं जुळवून मांडण्याचा, दोष समजावा. टीव्हीवरच्या ६०८ नावाच्या जुन्या अमेरिकी पद्धतीच्या कॅप्शनमध्ये तर देवनागरीला जागाच नाही. त्यामुळे अक्षरं चित्रावर कायमची छापावी लागतात आणि बंद करण्याची सोय जाते.

वर्णनाचं लेखन संवादांच्या फटींत बसवायचं असतं. चार सेकंदांच्या फटीत आठ-नऊ शब्द, त्यापेक्षा जास्त नकोत. ‘ती दुःखी आहे’ असं लिहू नका, ‘ती पत्र चुरगळते’ असं लिहा. दुःख ओळखणं प्रेक्षकाकडे सोडा.

मोबाइल अ‍ॅपवरून वर्णन देणार असाल तर फाइल घरूनच डाउनलोड करायला सांगा, सभागृहात रेंजचा भरवसा नसतो. अ‍ॅप चित्रपटाच्या आवाजावरून जागा ओळखतं, म्हणून प्रदर्शनानंतर एखादं दृश्य कापलं तर वर्णनाचा ट्रॅकही त्याच दिवशी पुन्हा जुळवून चढवा.