उंच छताची खोली

सुट्टीसाठी फ्रान्सहून सोलापुरात येऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने तेच दोन प्रश्न विचारले आहेत: तिकडे जेवणाचे काय करतेस, आणि भाषा समजते का. जेवणाचे उत्तर मी थोडक्यात देते. दुपारी विद्यार्थ्यांच्या सरकारी भोजनालयात ३.३० युरोंत पोटभर जेवण मिळत असे आणि रात्री खोलीवर भात, नाहीतर घरून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, हे तिथल्या मैत्रिणींना पटत नसे, कारण त्यांचा लांबट पाव दुसऱ्याच दिवशी लाकडासारखा होतो. मग तो दुधा-अंड्यात भिजवून तव्यावर परततात. शिळे टाकून न देण्याची ही सवय पाहून मला आईच्या कुस्कऱ्याची आठवण होई.

भाषेचे उत्तर मात्र थोडक्यात देता येत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी कानांवर घेत वाढलेल्या सोलापूरकराला पाचवी भाषा जड जाऊ नये, असे मी धरून चालले होते. पण पहिल्याच आठवड्यात आकड्यांनी माझी फजिती केली. फ्रान्समधल्या फ्रेंचमध्ये ऐंशीला स्वतंत्र शब्द नाही. ऐंशी म्हणजे ‘चार वीस’, नव्वद म्हणजे ‘चार वीस दहा’ आणि सत्त्याण्णव म्हणजे ‘चार वीस सतरा’. तिथे फोन क्रमांक दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. घरमालकीणबाईंनी सत्त्याण्णव म्हटले, मी आधी ८० आणि मग १७ लिहिले, आणि दोन आकडे जास्त असलेल्या त्या क्रमांकावर दोन दिवस फोन लावत बसले. हे आजीला सांगितले तेव्हा तिला त्यात विनोदाचे काही दिसलेच नाही. ती आजही भाकरीची चळत विसाविसांनीच मोजते. “चार विसा म्हणजे ऐंशीच की, त्यात काय चुकलं त्यांचं?” असे तिने मलाच विचारले.

गुणांचीही अशीच गंमत. तिथे वीसपैकी गुण देतात, दहाला उत्तीर्ण. पहिल्या परीक्षेत मला तेरा मिळाले तेव्हा, म्हणजे आपल्या हिशेबाने पासष्ट टक्के, मी रडकुंडीला आले होते आणि वर्गातल्या मुली माझे अभिनंदन करत होत्या. सोळाच्या पुढे फार थोडे जातात, हे कळायला एक सत्र गेले.

मी ल्यों शहरात संगणकशास्त्र शिकते. ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या मधोमध क्र्वा-रूस नावाची टेकडी आहे आणि तिच्यावरच्या एका जुन्या इमारतीत माझी खोली आहे. खोली लहान, पण छत जवळजवळ चार मीटर उंच. उंचीचा फायदा घेऊन कुणीतरी वर लाकडी माळा बांधला आहे; मी त्यावर झोपते. हिवाळ्यात मात्र खोली तापता तापत नाही आणि विजेचे बिल पाहून जीव कासावीस होतो. घर बांधणाऱ्याने एवढी उंची वाया का घालवली, असे मी मनात अनेकदा म्हटले.

जानेवारीत, म्हणजे इकडे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली असताना, एका प्राध्यापकांनी वर्गात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे चित्र दाखवले. ल्योंच्याच जोसेफ मारी जकार याने १८०४ साली मागावर बसवण्याचे असे यंत्र केले की, पट्टीवरची छिद्रे ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, कोणता धागा उचलायचा ते ठरवतील आणि दोऱ्या ओढायला वेगळा माणूस लागणार नाही. पुढे इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कल्पना घेतली. वर्ग ऐकत होता. मी मात्र ‘जकार’ या नावापाशीच अडकले होते. अण्णांनी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त केले. “आज जकार्ड बिघडला” हे वाक्य मी रात्रीच्या जेवणावर किती वेळा ऐकले असेल! जकार्ड हे माणसाचे नाव असेल, असे मात्र कधी मनातही आले नव्हते.

त्या रविवारी मी टेकडीवरच्या चौकात त्याचा पुतळा पाहिला आणि जवळच्या विणकरांच्या संग्रहालयात माग चालताना पाहिला. मागाच्या आवाजाला तिथले लोक ‘बिस्तांक्लाक’ म्हणत. याच टेकडीवरच्या रेशीम विणकरांनी मजुरीचा दर ठरवून मागितला, व्यापाऱ्यांनी तो मानला नाही, आणि १८३१ मध्ये बंड झाले. १८३४ मध्ये पुन्हा झाले. गिरणी कामगारांच्या शहरातून आलेल्या मला ही गोष्ट परकी वाटली नाही. नव्या यंत्राला सुरुवातीला त्याच विणकरांनी विरोध केला होता, आणि आज त्यांच्याच वस्तीत जकारचा पुतळा उभा आहे, हे मला जरा विचित्रच वाटले.

परवा रात्री गच्चीवर अण्णांना मी खोलीबद्दल सांगत होते. थंडी, बिल, माळा, चार मीटरचे छत. उंचीचे कारण मला संग्रहालयात कळले होते आणि ते मी शेवटी सांगणार होते.

“असणारच की,” अण्णा मध्येच म्हणाले. “मागाच्या वर जकार्ड बसवायचा म्हटल्यावर छत उंच लागतंयच. विणकराची खोली आहे ती.”

मग त्यांनी विचारले, की संग्रहालयातला जकार्ड धागे उचलणाऱ्या किती हुकांचा होता. मी मोजले नव्हते. सप्टेंबरमध्ये गेल्यावर पहिल्याच रविवारी मोजून कळवायचे, असे त्यांनी मला बजावले आहे, आणि दोऱ्या कशाच्या वापरतात तेही बघायला सांगितले आहे.