सल्ला मिळेल

मालवणच्या बाजारपेठेत भर दुपारी कुणी नसतं. दुकानदार जेवून आडवे झालेले असतात आणि अर्ध्या ओढलेल्या शटरखालून पंख्याची घरघर येते. अशा वेळी खाजं घ्यायला गेलेला माणूस करणार काय, तर पाट्या वाचणार. एका कौलारू घराच्या माडीवर नवीकोरी पाटी दिसली : मार्केटिंग कन्सल्टन्सी. खाली जाळ्यांचं आणि दोरखंडांचं दुकान, जिन्याशी चपलांचे दोन जोड.

आधी हसू आलं. मग म्हटलं, का नको? 1997 साली सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढे तारकर्ली-देवबागपर्यंत दर तिसऱ्या माडाला बोर्ड लागला. सगळीकडे घरगुती जेवण, सगळीकडे सी व्ह्यू. त्यातला एखादा उठून दिसावा म्हणून कुणीतरी डोकं खाजवायलाच हवं. यांचा सीझनही उलटा असणार. मे महिन्यात मालकांना गिऱ्हाइकाला नाही म्हणायलाच वेळ पुरत नाही. जून लागला की मासेमारी बंद, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, किनाऱ्यावरच्या होड्यांवर झाप चढलेले. घरमालकाच्या हातात वेळ असतो आणि मे महिन्याचे चार पैसेही. मेनूकार्ड, फोटो, गूगलवरचे तारे, हे सगळं त्याच पावसात सुचत असेल.

आमच्या आजीच्या खळ्यात सल्ला फुकट मिळायचा. मासेवाली डोक्यावरची टोपली उतरवून उकिडवी बसे आणि आजी एकेका माशाचा कल्ला वर करून आतला रंग बघे. लाल असला तर पुढची बोलणी. मग अंगठ्याने पोट दाबायचं, डोळा निरखायचा, नाक मुरडायचं. मी आणि मांजर शेजारी. एकदा आजीने सुरमईला हात घातला तशी मासेवालीच म्हणाली, “आज सुरमय घेव नको गो वयनी, कालची असा. बांगडे घे.” त्यानंतर आजीने कधी कल्ले उघडले नाहीत, असं लिहायला आवडलं असतं. पण ती शेवटपर्यंत उघडतच राहिली. फक्त दुसऱ्या कुणाकडून मासे घेतले नाहीत.

तेव्हापासून मला विशेषणांचं वावडं आहे. ‘अस्सल’ दिसलं की मी दोन पावलं मागे सरतो. ‘अस्सल मालवणी’ तर मालवणातच लिहिलेलं वाचलंय, आता बोला! हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पुण्यात ‘देवगड’ छापलेली पेटी आणली की मी आंब्याआधी तळाचा कागद बाहेर काढतो. कन्नड वर्तमानपत्र निघालं की घरात सगळ्यांना दाखवून येतो. आंबे खातोच. बायको म्हणते, गोड आहेत ना, मग झालं.

माडीवरच्या त्या पोरांना हे सांगावंसं वाटलं खरं. पण विकायला बसलेल्याला ‘आज घेऊ नका’ म्हणायला शिकवलं तर त्यांची फी कोण देणार?

संध्याकाळी तारकर्लीला रापण ओढत होते. दोरीला बहुतेक पिकलेली डोकी; तरणी पोरं वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींवर. थवेच्या थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 मध्ये निर्बंध आले, मासळीला भुलवणाऱ्या एलईडी दिव्यांवर बंदी आहे, आणि रात्री समुद्रात उजेडही आहे. जाळं किनाऱ्याला लागलं तसे पर्यटक मोबाइल घेऊन धावले. गर्दी पांगल्यावर मी एका म्हाताऱ्याला विचारलं, “काय काका, मासळी कशी?”

दोरी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “फोटो काढण्यापुरती गावता.”