लाखीशचा वेढा

आज दिवसभर लाखीशच्या शिल्पपटाचे फोटो मोठे करून बघणं चाललं होतं. इ.स.पू. 701 मध्ये असिरियाचा राजा सन्हेरीब याने यहूदा राज्यातलं हे शहर जिंकलं आणि ती लढाई आपल्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतली. हे दगड आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

असिरियनांचं क्रौर्य सगळ्यांना ठाऊक असतं, कारागिरी कमी जणांना. धडकयंत्र (धडका देऊन तट फोडणारं यंत्र) टेकडीवरच्या तटाला भिडवायचं तर चढण हवी. म्हणून नैर्ऋत्य कोपऱ्यात हजारो टन दगडांचा उतार रचला, वरचा थर चुन्याने सांधला. आतल्यांनीही तट पडला तर दुसरी फळी हवी म्हणून आतून भराव घातला. शिल्पात वरून पेटते पलिते पडताहेत आणि यंत्रात उभा एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने त्यावर पाणी ओततोय! आगीचा बंदोबस्त आधीच ठरलेला.

बाजूला तिघे सुळावर, दोघांची कातडी सोलणं चालू. बैलगाड्यांवर बायकापोरं, हद्दपारीच्या वाटेवर. सन्हेरीब 2,00,150 माणसं नेल्याचं सांगतो. मला तो आकडा फुगवलेलाच वाटतो.

यहूदाची राजधानी जेरुसलेम मात्र पडली नाही, तिथला राजा हिज्कीया याने खंडणी भरली. सोनं 30 किक्कार (वजनाचं जुनं माप), यावर बायबल आणि असिरियन नोंदी दोन्ही सहमत. चांदी मात्र बायबलमध्ये 300, असिरियन नोंदींत 800.