१९०८च्या धर्तीचा पांढरा सुती पोशाख : पुढा पूर्ण, कळ्यांचे काम सुरू

मी शिवत असलेल्या या लेसच्या पोशाखाचा कमरेवरचा पुढचा भाग मागील नोंदीनंतर पूर्ण झाला असून आता घेराच्या कळ्या जोडण्याचे काम हाती घेतले आहे. वर्ष १९०८ ठरवले, कारण शतकाच्या आरंभी छातीपाशी सैल फुगवून कमरेवर झोकलेला पुढा तोवर बराच आटोपशीर झाला होता आणि कमरही किंचित वर सरकू लागली होती. त्याच वर्षी २१ जूनला लंडनच्या हाइड पार्कात मताधिकारासाठी भरलेल्या मेळाव्यात स्त्रियांना पांढरे कपडे घालून येण्याचे आवाहन केले गेले होते. त्या गर्दीत असे लेसचे पोशाख कितीतरी असणार, असा माझा तर्क आहे.

या पोशाखात कापड आधी सजवावे आणि मगच बेतावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन मिलिमीटर खोलीचा प्रत्येक पिनटक, म्हणजे टीप मारून पक्की केलेली बारीक दुमड, चार मिलिमीटर कापड खातो, म्हणजे तीस टकांसाठी बारा सेंटिमीटर रुंदी जादा धरावी लागते, आणि टीप जरा इकडेतिकडे झाली तरी बेत चुकतो. टक नेहमी उभ्या धाग्यावर घातले, तर ते इस्त्रीनंतर सरळ बसतात.

लेसपट्टी बसवण्याची रीत सोपी, पण चिकाटीची आहे. पट्टी कापडाच्या सुलट बाजूवर ठेवून दोन्ही कडांना टीप मारायची, उलट बाजूने लेसमागचे कापड तेवढे मधोमध चिरायचे, त्याच्या कडा लेसपासून दूर दुमडायच्या आणि कडेला दुसरी बारीक टीप घालून उरलेले कापड कातरायचे. वळणावर लेसच्या काठातला दोरा हलकेच ओढला की आतली कड आपोआप आवळते व पट्टी वळणाबरोबर फिरते. हा दोरा चांगल्या व्हॅलेन्सिएन धाटणीच्या (बारीक, सपाट सुती) लेसमध्ये सापडतो.

लेस सुतीच घ्यावी, याबाबत मी हट्टी आहे. त्या काळातली बहुतेक लेस इंग्लंडमधील नॉटिंगहॅम व फ्रान्समधील कॅले येथील लीव्हर्स नावाच्या लेसयंत्रांवर विणलेली, धुण्याला, खळीला आणि गरम इस्त्रीला टिकणारी असे. आज दुकानात सहज मिळणारी नायलॉनची लेस सुती कापडाला लागणाऱ्या इस्त्रीने वितळते, आणि तिचा पांढरेपणाही शेजारच्या मलमलीशी जुळत नाही. कापड व लेस दोन्ही शिवण्यापूर्वी धुऊन आटवून घेतली आहेत. नीळ मात्र शेवटच्या धुण्यातच घालीन.

कापड आरपार दिसत असल्याने आतला परकर-चोळीचा अस्तरपोशाख वेगळा शिवावा लागतो. त्या काळी तो पांढरा किंवा फिकट रंगाचा असे. मी फिकट गुलाबी घेतला आहे, कारण लेसची नक्षी त्यावर अधिक उठून दिसते.

आता उरले आहेत ते उंच गळपट्टीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या बारीक काड्या आणि पाठीवरची उघड. तिथे बटणांऐवजी हूक व दोऱ्याचे लूप वापरणार आहे, म्हणजे पाठीवरील पिनटकांची ओळ मधेच तुटणार नाही.